चूक दुरुस्त केली आणि फोटो गेला: रोपवाटिकेच्या प्रोग्रॅमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात संगणकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वडिलांच्या रोपवाटिकेसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याची ही हकिकत. माणसं आणि गाव ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटना मात्र ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळी मेख क्रमातच आहे.

मिरग लागायच्या आधी महिनाभर रोपवाटिकेत गिऱ्हाइकांची रीघ असते. आंब्याची कोय कलमं एका रांगेत ठेवली तर हापूस कोणतं, रत्ना कोणतं, सिंधू कोणतं हे पिशवीवरची पट्टी वाचूनच सांगावं लागतं. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून सिंधू आली, तिची कोय अगदी पातळ. काजूचं तसंच. वेंगुर्ला-४ चं बोंड लाल, वेंगुर्ला-७ चं पिवळं, पण दोन वीत उंचीच्या कलमाकडे बघून यातलं काही कळत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "याला फळ कसं येतं हो?" आणि मालक मोबाइलमधले फोटो मागे-पुढे सरकवत बसतात. तोवर मागचा माणूस कंटाळून निघून जातो.

मुलीच्या डोक्यातला प्रोग्रॅम सोपा होता. डावीकडे जातींच्या नावांची यादी, उजवीकडे निवडलेल्या जातीचा फोटो, खाली कलमाचा दर. वडिलांनी नाव दाबायचं आणि लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे फिरवायचा. एकूण ६२ जाती: आंबा, काजू, नारळ, कोकम, जायफळ, काही फुलझाडं. लॅपटॉप जुना, विंडोज १०, रॅम ४ जीबी. तिने पायथन आणि त्यातलं टीके-इंटर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायचं साधन, निवडलं. अभ्यासक्रमात तेच होतं, विंडोजवर पायथनबरोबर ते आपोआप येतं, आणि रोपवाटिकेत नेटचा भरवसा नाही. माझ्या मते निवड योग्य होती.

अडचण कशी समोर आली

पहिला अडथळा जेपीईजीचा. मोबाइलचा फोटो थेट फोटोइमेजला, म्हणजे टीके-इंटरमधल्या चित्र वाचणाऱ्या भागाला, दिला, तर चित्राच्या फाइलमधला मजकूर ओळखता आला नाही, अशा अर्थाची चूक आली. तिने फाइलच्या नावातलं शेवटचं जेपीजी काढून तिथे पीएनजी लिहिलं. चूक तीच राहिली, कारण नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. टीके-इंटरच्या खाली टीके नावाचं जे मूळ साधन आहे, ते जॉन औस्टरहाउट यांच्या टिकल या भाषेसोबत वाढलं. त्याला बरीच वर्षं जीआयएफ आणि पीपीएम घराण्यातलीच चित्रं वाचता येत होती. पीएनजी २०१२ च्या अखेरीस आलेल्या ८.६ आवृत्तीपासून. जेपीईजी मूळ साधनात नाही. हे एकदा सांगितलं की विषय संपतो. तिने नमुन्यासाठी दहा फोटो पेंटमध्ये उघडले, ६०० बाय ४५० एवढे लहान केले आणि पीएनजी म्हणून साठवले.

यानंतर घडलं ते मात्र मी दहा वर्षांच्या शिकवण्यात असं सलग कधी पाहिलं नव्हतं.

घरी तिचा प्रोग्रॅम चालत होता. यादीतलं नाव दाबलं की फोटो यायचा. खालचा दर तेवढा दिसत नव्हता. ती म्हणाली, तो नंतर बघू. मागे काळी खिडकी उघडलेली वडिलांना आवडत नाही म्हणून तिने फाइलच्या शेवटी पीवाय ऐवजी पीवायडब्ल्यू केलं होतं. असं केलं की विंडोज ती काळी खिडकी उघडतच नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने तीच फाइल आयडलमध्ये, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या प्रोग्रॅम लिहायच्या-चालवायच्या खिडकीत, चालवली. नाव दाबताच लाल अक्षरांत चूक आली: दर दाखवण्याच्या ओळीत व्हेरिएबलच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. दर का दिसत नव्हता ते कळलं. तिने स्पेलिंग नीट केलं, पुन्हा चालवलं. दर दिसला. फोटो गेला.

"मॅडम, चूक दुरुस्त केली आणि फोटो गेला," ती म्हणाली. "घरी येत होता. शपथ."

मी स्क्रीनकडे पाहिलं. यादी होती, दर होता, फोटोच्या जागी कोरी राखाडी चौकट होती. एकही चूक छापलेली नव्हती.

पहिलं निदान, आणि ते का फसलं

माझ्या कानाने "घरी येत होता" एवढंच पकडलं. घरचं मशीन आणि लॅबचं मशीन यांत फरक म्हणजे फाइलच्या पत्त्याचा घोटाळा, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. प्रोग्रॅममध्ये नुसतं फाइलचं नाव दिलं तर पायथन ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतं. तो चालू फोल्डर प्रोग्रॅम जिथे ठेवलाय तोच असेल असं नाही. प्रोग्रॅम कुठून आणि कसा चालवला यावर ते ठरतं. मी म्हटलं, "अगं, पूर्ण पत्ता दे."

तिने पूर्ण पत्ता दिला आणि नवीच चूक आली. विंडोजच्या पत्त्यातली उलटी तिरपी रेघ पायथनच्या मजकुरात खास अर्थाची असते. सी ड्राइव्हवरच्या यूझर्स फोल्डरच्या आधीची रेघ आणि मोठा यू मिळून पायथनला वाटतं, इथे युनिकोडचा आकडा येणार. तो येत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरूच होत नाही. यात तिचा एक तास गेला. सरळ तिरप्या रेघा घातल्यावर प्रोग्रॅम चालला, आणि पुन्हा तीच कोरी चौकट.

घरी जाऊन तिने पत्त्यांवर आणखी एक संध्याकाळ घालवली. त्या वेळेचा दोष माझ्याकडे जातो. दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि दोन्ही मी वाचल्या नाहीत.

एक: पत्ता चुकला असता तर अशी फाइल किंवा फोल्डर नाही, अशी स्वच्छ चूक आली असती. आयडलमध्ये ती दिसलीच असती. आम्ही आयडलमध्ये होतो आणि चूक नव्हती, म्हणजे फाइल सापडली होती.

दोन: ती चौकट. टीके-इंटरमध्ये फोटो किंवा मजकूर दाखवणाऱ्या जागेला लेबल म्हणतात. चित्र नसलेलं लेबल आकसून एवढंसं होतं. इथे चौकट ऐसपैस होती, बरोबर ६०० बाय ४५० ची. टीकेला त्या चित्राची लांबी-रुंदी माहीत होती, म्हणजे चित्र एकदा तरी पूर्ण वाचलं गेलं होतं. फोटो आला होता आणि नंतर गेला होता. मुलगीही तेच म्हणत होती, फक्त मी ते मशीनच्या फरकावर ढकललं.

निर्णयाची जागा: आणखी काही बदलायचं की थांबायचं

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिने स्वतः एक प्रयोग करून आणला होता. दराच्या ओळीत मुद्दाम पुन्हा स्पेलिंग चुकवलं: फोटो आला. नीट केलं: गेला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तसंच.

इथे आमच्यापुढे दोन वाटा होत्या. शोधलं की पहिल्याच मिनिटाला सापडणारी एक ओळ आहे: लेबलला इमेज नावाचा गुणधर्म द्यायचा आणि त्यात फोटो ठेवायचा. ती चिकटवली की फोटो येतो. प्रकल्प द्यायला तेरा दिवस होते, मोह होताच. दुसरी वाट म्हणजे चुकीमुळे फोटो का येतो, ते आधी समजून घ्यायचं. मी दुसरी निवडली, कारण तिच्या हातात जो पुरावा होता तो इतका नेमका होता की तो सोडून देणं मला पटेना.

आत काय घडत होतं

टीके-इंटरमध्ये एका चित्राची दोन घरं असतात. एक पायथनमधलं: फोटोइमेज ही वस्तू. दुसरं टीकेमधलं: खरे रंगाचे ठिपके तिथे असतात, आणि त्या साठ्याला टीकेच्या बाजूला एक नाव असतं, पायइमेज१, पायइमेज२ असं. लेबलला आपण चित्र देतो तेव्हा त्याच्याकडे फक्त ते नाव जातं. पायथनमधली वस्तू लेबल धरून ठेवत नाही.

पायथन प्रत्येक वस्तूला किती ठिकाणांहून धरलेलं आहे याची मोजणी ठेवतं. तिचा फोटो हा फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये होता. यादीतलं नाव दाबलं, फंक्शन चाललं, फोटो तयार झाला, लेबलला नाव मिळालं, फंक्शन संपलं. संपताच स्थानिक व्हेरिएबल सुटलं, मोजणी शून्यावर आली, वस्तू नाहीशी झाली. आणि फोटोइमेज जाता जाता टीकेला सांगून जाते की माझं चित्रही पुसून टाक. टीके ते पुसतं. ज्या लेबलवर ते लावलेलं होतं तिथली जागा तेवढीच राहते, आत काही रंगवलं जात नाही. हे सगळं इतक्या लवकर होतं की डोळ्याला फोटो क्षणभरही दिसत नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलेलं आहे की टीके चित्राला धरून ठेवत नाही आणि शेवटचा धागा, म्हणजे वस्तूला धरून ठेवणारी शेवटची जागा, सुटला की रिकामी चौकट दिसेल.

तिला मी तिच्याच घरची उपमा दिली: पिशवीवर 'रत्ना' अशी पट्टी आहे, पिशवी जागेवर आहे, रोप कोणीतरी उपटून नेलंय. लेबलकडे पट्टी आहे. रोप पायथनच्या हातात होतं आणि त्याने हात सोडला.

मग चुकीने फोटो का यायचा? फंक्शन मध्येच चुकीने थांबलं की टीके-इंटर त्या चुकीचा माग पायथनच्या एका जागी जपून ठेवतं, नंतर तपासता यावा म्हणून. त्या मागासोबत, चूक घडली त्या क्षणीचं ते फंक्शन त्याच्या स्थानिक व्हेरिएबल्ससकट जपलं जातं. त्यात तिचा फोटो होता. दुसरं नाव दाबलं की दुसरी चूक, दुसरा माग; जुना फोटो सुटायचा, नवा धरला जायचा. घरी पीवायडब्ल्यूमुळे चूक छापायला खिडकीच नव्हती, म्हणून चूक दिसत नव्हती आणि फोटो दिसत होता. दराच्या ओळीतल्या चुकीने तिचा फोटो इतके दिवस धरून ठेवला होता.

हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे घरी पण प्रोग्रॅम चालत नव्हताच." बरोबर.

एक शंका तिने काढली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. पहिल्या आठवड्यात तिने आयडलमध्ये एकेक ओळ टाइप करून फोटो दाखवला होता, तेव्हा का दिसला? तिथे व्हेरिएबल कोणत्याच फंक्शनमध्ये नव्हतं. ते खिडकी बंद होईपर्यंत जिवंत राहतं. आमच्या लॅबच्या वहीतला नमुनाही असाच, फंक्शनबाहेरचा. मुलं तो करतात, फोटो येतो, आणि खरा प्रोग्रॅम लिहायला बसली की सगळं फंक्शनच्या आत जातं.

कोणते पर्याय तोलले

धागा धरायचा हे ठरलं. कुठे धरायचा हा प्रश्न होता. ग्लोबल व्हेरिएबल सगळ्यात सोपं, पण तिला पुढे मोठ्या फोटोची वेगळी खिडकीही करायची होती. ग्लोबल वाढत गेले की कोण कुणाचं ते कळेनासं होतं. लेबललाच गुणधर्म म्हणून फोटो जोडणं चांगलं, कारण लेबल आहे तोवर फोटो राहतो आणि नवा फोटो जोडला की जुना आपोआप सुटतो. संपूर्ण खिडकीसाठी एक क्लास लिहून फोटो सेल्फमध्ये, म्हणजे त्या क्लासच्या वस्तूतच, ठेवणं हेही तेच काम करतं, जास्त नीटनेटकेपणाने, पण क्लास तिला अजून अवघड जात होते.

टीके-इंटर सोडून द्यायचं का, हाही विचार आम्ही केला. क्यूटी या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या साधनात लेबलला चित्र दिलं की ते स्वतःची प्रत धरून ठेवतं, हा घोळ होत नाही. साधं वेबपान लिहिलं असतं तर फोटोची सगळी कामं ब्राउझरने केली असती, जेपीईजीसकट. रोपवाटिकेची गरज एवढीच पाहिली तर वेबपान सर्वात स्वस्त पडलं असतं, हे मी तिला सांगितलं. प्रकल्पाची अट पायथनमधल्या डेस्कटॉप प्रोग्रॅमची होती, आणि तेरा दिवसांत क्यूटी शिकणं मला जोखमीचं वाटलं. टीके-इंटरवरच राहायचं ठरलं.

शेवटी तिने चौथाच पर्याय निवडला: सुरुवातीलाच सगळे फोटो वाचून एका यादीत ठेवायचे. "यादीत असले की कोणी सोडणार नाही," असं तिचं म्हणणं. तर्क बरोबर होता. दहा फोटोंवर झकास चाललं. मी होकार दिला. हा माझा दुसरा चुकीचा निर्णय.

दुसरी अडचण: दहाचे बासष्ट

बासष्ट फोटो हाताने पेंटमध्ये लहान कोण करणार? तिने ते कुठल्याशा साधनाने एकगठ्ठा पीएनजी केले, आकार मूळचाच ठेवून, आणि फोटोइमेजच्या सबसॅम्पलने सहापट लहान केले. सबसॅम्पल पूर्णांकातच चालतं: प्रत्येक सहावा ठिपका उचलायचा, बाकी सोडायचे. त्यामुळे आंब्याच्या सालीवरचे ठिपके आणि पानांच्या शिरा दातेरी दिसू लागल्या. आणि एकदा हात पोळलेला असल्याने तिने मूळ फोटोही यादीत ठेवले, लहान केलेलेही.

लॅपटॉप अडकला. माऊससुद्धा हलेना.

तिथे मी तिला फळ्यावर गुणाकार करायला लावला. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. टीके प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट ठेवतं. एका फोटोचे झाले सुमारे ४८ एमबी. गुणिले ६२, जवळजवळ ३ जीबी. लॅपटॉपची रॅम ४, त्यात विंडोज बसलेलं. डिस्कवर फाइल ४ एमबीची दिसते म्हणून मुलं फसतात. तो दाबून बसवलेला आकार असतो. पडद्यावर दाखवायचं तर प्रत्येक ठिपका उलगडावा लागतो. ६०० बाय ४५० च्या फोटोला तोच हिशोब लावला तर १ एमबीच्या थोडंसं वर येतो.

काय केलं

इथून पुढे पिलो वापरायचं ठरलं. पायथनमधली चित्रांची जुनी लायब्ररी, पीआयएल, स्वीडनच्या फ्रेडरिक लुंड यांनी लिहिली. तिची शेवटची आवृत्ती २००९ ची. पिलो ही २०१० मध्ये तिच्यातून फुटलेली शाखा, आज सगळे हीच वापरतात. पिलो जेपीईजी वाचतं आणि फाइलचं नाव काहीही असलं तरी आतला मजकूर बघून प्रकार ओळखतं. पीएनजी करण्याची सगळी यातायात संपली.

ती बसवताना आणि वापरताना तीन ठेचा लागल्या. जुन्या नमुन्यातून घेतलेल्या ओळीत अँटीअलायस हा शब्द होता; तो पिलोच्या २०२३ मधल्या १० व्या आवृत्तीपासून काढून टाकलेला आहे, त्याजागी लँक्झोस लिहायचं. दुसरी ठेच: तिने आधी पिलोमधून इमेज आणलं आणि खालच्या ओळीत तारांकन देऊन टीके-इंटरमधलं सगळं आणलं. टीके-इंटरमध्येही इमेज नावाचा क्लास आहे. त्याने पिलोचं इमेज झाकलं आणि इमेजला ओपन नाही अशी कोड्यात टाकणारी चूक आली. तारांकन काढून टीके-इंटर टीके या छोट्या नावाने आणलं आणि प्रश्न मिटला. तिसरी, मोठ्या फोटोच्या खिडकीत: तिथे तिने पुन्हा टीके हीच मुख्य खिडकी बनवली होती, टॉपलेव्हल, म्हणजे तिच्याखालची दुसरी खिडकी, नाही. दोन मुख्य खिडक्या म्हणजे टीकेची दोन वेगळी घरं. एका घरातलं पायइमेज दुसऱ्याला माहीत नसतं, म्हणून असं चित्रच नाही, अशी चूक येते.

पिलोच्या इमेजटीकेमधल्या फोटोइमेजलाही धागा धरावाच लागतो, हे मी आधीच बजावलं होतं. "लायब्ररी बदलली तरी रोप धरायचंच," असं ती म्हणाली.

सर्वात जास्त विचार आडव्या फोटोंवर झाला. नारळाचे उभे काढलेले फोटो पडद्यावर आडवे पडून येत. मोबाइल ठिपके कॅमेऱ्याच्या दिशेने साठवतो आणि फोन कसा धरला होता याची नोंद एक्सिफ माहितीत ठेवतो. फोटो दाखवणारे ॲप ती नोंद वाचून फोटो फिरवतात. आपल्या प्रोग्रॅमला ते स्वतः करावं लागतं, आणि पिलोमध्ये त्यासाठी एक्सिफ ट्रान्सपोज आहे. प्रश्न होता क्रमाचा. आधी लहान करायचं की आधी फिरवायचं? थंबनेल आधी केलं तर काम पटकन होतं, कारण जेपीईजी ८ बाय ८ च्या तुकड्यांत साठवलेलं असतं आणि पिलो ते थेट लहान मापात उलगडू शकतं. पण आडवा साठवलेला नारळ ६०० बाय ४५० मध्ये बसवून मग फिरवला की तो ६०० उंचीचा होतो आणि दराची ओळ खिडकीबाहेर ढकलतो. शिवाय लहान प्रत जेपीईजी म्हणून साठवताना एक्सिफ नोंद आपोआप बरोबर जात नाही. फिरवायचं राहिलं तर पुढे कळायला मार्गच नाही. म्हणून आधी फिरवायचं, मग लहान करायचं. सावकाश चालेना का. ते काम प्रत्येक फोटोसाठी एकदाच होणार होतं.

अखेरची मांडणी अशी झाली. एका फोल्डरमध्ये मूळ फोटो, शेजारच्या फोल्डरमध्ये लहान प्रती. प्रोग्रॅम सुरू होताना ज्या मूळ फोटोची लहान प्रत नाही तेवढीच तयार करतो. नाव दाबलं की ती एकच लहान प्रत वाचतो आणि लेबलच्या गुणधर्मात धरतो. एका वेळी एक फोटो. फोल्डरचा पत्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलवरून काढलेला, म्हणजे कुठूनही चालवला तरी फोटो सापडतात. फोटो नसेल तर 'फोटो नाही' अशी पाटी. फाइलची नावं तिने देवनागरीतच ठेवली, 'रत्ना', 'वेंगुर्ला-७' अशी. मला धाकधूक होती, पण पायथन ३ ला काही अडलं नाही.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. प्रोग्रॅममध्ये कुठेही चूक झाली की ती संवादपेटीत दिसली पाहिजे, पीवायडब्ल्यू असलं तरी. टीके-इंटरमध्ये चुका छापणारं जे फंक्शन असतं त्याच्या जागी आपलं लिहिता येतं. चार ओळींचं काम आहे.

शेवटचा निर्णय वाटपाचा. प्रोग्रॅमची एकच एक्झी फाइल करून द्यावी असं तिला वाटत होतं. परीक्षकांपुढे ते छान दिसतं. पण पायइन्स्टॉलर या साधनाने एकच फाइल केली आणि फोटो तिच्या पोटात घातले, तर चालवताना ती सगळं एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि बंद करताना पुसते. वडिलांना नवा फोटो घालायचा तर दरवेळी मुलीला नवी फाइल करून द्यावी लागली असती. मी विचारलं, "पुढच्या वर्षी तू पुण्याला शिकायला गेलीस तर?" तिने एक्झीचा नाद सोडला. लॅपटॉपवर पायथन बसवलं, फोल्डर तसाच ठेवला, डेस्कटॉपवर शॉर्टकट दिला.

परिणाम

प्रकल्प वेळेत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लेबलच्या गुणधर्मात फोटो ठेवणाऱ्या ओळीवर बोट ठेवून ती कशाला, असं विचारलं. तिने ती ओळ खोडून प्रोग्रॅम चालवून दाखवला, मग दराच्या ओळीत स्पेलिंग चुकवून फोटो परत आणला. त्यांनी तिच्याकडून ते दोनदा करून घेतलं.

रोपवाटिकेत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो लॅपटॉप टेबलावर आहे. पहिल्या पंधरवड्यात एकच तक्रार आली: उन्हात पडदा दिसत नाही. त्याला प्रोग्रॅममध्ये उपाय नव्हता, टेबल मांडवाच्या आत सरकवलं. जूनमध्ये वडिलांनी सिंधूचं फळ उभं कापून, पातळ कोय दिसेल असा फोटो स्वतः काढला, केबलने फोल्डरमध्ये टाकला, जुन्याच्या जागी. लहान प्रत मात्र जुनीच दिसत राहिली, कारण त्या नावाची प्रत आधीच होती. मुलीने त्याच रात्री मूळ फोटोची आणि प्रतीची तारीख ताडून बघणारी ओळ घातली. ही त्रुटी मांडणी ठरवताना आम्हा दोघींच्याही लक्षात आली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी मी तिचं वाक्य पूर्ण ऐकायला हवं होतं. "चूक दुरुस्त केली आणि फोटो गेला" यात क्रम होता, कारण होतं. मी त्यातला "घरी" हा शब्द उचलला.

फोटो दिसत नाही, ही तक्रार चार वेगवेगळ्या जागांहून येऊ शकते: पत्ता चुकलेला, प्रकार न ओळखलेला, धागा सुटलेला, किंवा चित्र दुसऱ्या मुख्य खिडकीचं. पत्ता, प्रकार आणि दुसरी खिडकी यांना चूक छापली जाते. धागा सुटला तर काहीच छापलं जात नाही आणि चौकट पूर्ण मापाची राहते. एवढं मी पहिल्या पाच मिनिटांत तपासलं असतं, तर तिचे अडीच दिवस वाचले असते. पीवायडब्ल्यू लिहिण्याच्या काळात वापरू नये, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

सगळे फोटो यादीत ठेवण्याला होकार देण्याआधी तो गुणाकार करायला हवा होता. दहा नमुन्यांवर चाललेली गोष्ट बासष्टवर चालेल का, हे फळ्यावरच्या दोन ओळींत कळलं असतं.

लॅबच्या वहीतला फंक्शनबाहेरचा नमुना मी या वर्षी बदलला. आता चित्रांच्या पहिल्याच तासाला मुलं बटण दाबल्यावर फोटो दाखवणारं फंक्शन लिहितात, धागा न धरता, आणि सगळ्या मशीनवर कोरी चौकट येते. मग मी त्यांना फंक्शनच्या शेवटी मुद्दाम एक स्पेलिंग चुकवायला सांगते.